जपानी कलेच्या इतिहासात करिअर : तुमच्यासाठी पेटी कोण उघडणार?

प्रश्न असा आहे. पुण्यातल्या एका मुलीने इतिहास घेऊन बी.ए. केलं आहे. जपानी भाषेच्या परीक्षेची एन-३ पातळी पास आहे, त्यावरच्या एन-२ची तयारी चालू आहे (एन-१ सगळ्यात वरची). तिला जपानी कलेच्या इतिहासात संशोधन करायचं आहे. घरचे म्हणतात, भाषा एवढी येते तर एखाद्या कंपनीत दुभाषी म्हणून लाग, हे काय भलतंच? तिने तीन गोष्टी विचारल्या आहेत. यात पोट भरतं का? जपानला जावं की अमेरिका-इंग्लंडला? आणि भारतीय माणसाला तिथे विचारतं कोण?

मी या क्षेत्रात बरीच वर्षं आहे. आधी जपानमधल्या विद्यापीठात होते, आता संग्रहालयात आहे, विषय बौद्ध चित्रकला. तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण त्याआधी हे काम चालतं कसं ते कळायला हवं, नाहीतर उत्तरं हवेत राहतील.

युरोपीय चित्रकलेचा अभ्यासक संग्रहालयात गेला की चित्र बहुतेक वेळा भिंतीवर असतंच. जपानी चित्र भिंतीवर नसतं. ते गुंडाळून, कापडात बांधून, किरी नावाच्या हलक्या लाकडाच्या पेटीत ठेवलेलं असतं, आणि ती पेटी बऱ्याचदा आणखी एका पेटीत असते. रेशमावरचे आणि कागदावरचे रंग उजेडाने उडतात. म्हणून राष्ट्रीय ठेवा ठरलेल्या वस्तू वर्षातून फार तर दोनदा, आणि सगळे मिळून साधारण ६० दिवसच बाहेर काढायच्या, नाजूक असतील तर त्याहूनही कमी, असा जपानमध्ये दंडक आहे. नारा इथल्या शोसोइन भांडारातल्या आठव्या शतकातल्या वस्तू वर्षातून एकदा, शरद ऋतूत जेमतेम दोन आठवडे दिसतात, आणि त्याही निवडक. काही मूर्ती तर देवळाच्या बंद कपाटात असतात आणि ठरावीक वर्षांनीच उघडतात. काही कधीच उघडत नाहीत.

त्यामुळे या क्षेत्रात भाषा, मार्गदर्शक, शिष्यवृत्ती, नोकरी हे सगळं फिरून एकाच ठिकाणी येतं : तुमच्यासाठी पेटी कोण उघडणार, आणि त्याने ती का उघडावी?

या विषयाची सुरुवातच एक पेटी उघडण्यापासून झाली असं म्हणायला हरकत नाही. अर्नेस्ट फेनोलोसा हा अमेरिकन तरुण १८७८ मध्ये तत्त्वज्ञान शिकवायला तोक्योच्या विद्यापीठात आला. ओकाकुरा काकुझो हा त्याचा विद्यार्थी आणि पुढे सहकारी. १८८४ मध्ये हे दोघं सरकारी परवाना घेऊन नाराजवळच्या होर्यूजी मंदिरात गेले आणि युमेदोनो या अष्टकोनी दालनातलं कपाट उघडायला लावलं. भिक्षू घाबरले होते, मूर्ती उघडली तर भूकंप होईल असं त्यांचं म्हणणं होतं. फेनोलोसाच्या लिखाणाप्रमाणे सुमारे ५०० यार्ड कापड उलगडल्यावर आतून सातव्या शतकातली सोन्याचा मुलामा असलेली अवलोकितेश्वराची मूर्ती निघाली. ती आजही तिथेच आहे, वसंतात आणि शरदात काही आठवडे दिसते.

फेनोलोसाला मात्र मी आदर्श मानत नाही. त्याच्या हाती सरकारचा शिक्का होता, आणि जी चित्रं तो तपासत होता तीच तो स्वतःसाठी विकतही घेत होता. त्याचा संग्रह १८८६ मध्ये विकला गेला आणि बोस्टनच्या संग्रहालयात पोचला. पुढे तिथल्याच जपानी विभागाचा तो प्रमुख झाला. तपासणारा, विकत घेणारा आणि सांभाळणारा एकच माणूस, हे आज कुठेही खपणार नाही. ओकाकुराची वाट वेगळी. तोक्योची कलाशाळा, १८८९ मध्ये सुरू झालेलं आणि आजही निघणारं ‘कोक्का’ हे नियतकालिक, जुनी मंदिरं जपण्याचा १८९७चा कायदा, या सगळ्यामागे त्याचं आणि त्याच्या पिढीचं काम आहे. १९०२ मध्ये तो भारतात होता आणि अजिंठाही पाहून गेला. तरीही १८९८ मध्ये त्याला कलाशाळेची नोकरी सोडावी लागली आणि शेवटची वर्षं बोस्टन आणि जपान अशा येरझारांत गेली. म्हणजे या विषयाच्या संस्थापकालाही स्थिर नोकरी शेवटपर्यंत टिकवता आली नाही. घरच्यांना हे सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

आज शिक्का चालत नाही, ओळख चालते. ओळख म्हणजे वशिला नव्हे. एखादी वस्तू हातात घेऊन पाहायची असेल तर जपानमध्ये त्यासाठी रीतसर अर्ज असतो. अशा पाहण्याला जुकुरान म्हणतात. पत्र तुमच्या नावाने नाही, तुमच्या प्राध्यापकाच्या नावाने जातं : अमुक विद्यार्थिनी, अमुक वस्तू, अमुक कारणासाठी, अमुक वेळेत. कारण पटलं नाही तर नम्र नकार येतो. पटलं तर दिवस ठरतो.

त्या दिवशी घड्याळ, अंगठी, गळ्यातलं, पट्ट्याचं बक्कल सगळं बाहेर काढून ठेवायचं. पेन जवळ ठेवायचं नाही, फक्त पेन्सिल. मोजायला कापडी टेप, तोही चित्राला न टेकवता. हात धुऊन कोरडे केलेले. हातमोजे बऱ्याचदा नकोच म्हणतात, कारण कागदाची कड बोटाला कळली पाहिजे. पेटी उघडण्याआधी दोरीच्या गाठीचं चित्र काढून घ्यायचं, कारण तशीच गाठ परत मारायची असते. मग पेटीचं झाकण वाचायचं, त्यावर आधीच्या मालकांनी आणि जाणकारांनी काय लिहिलंय ते. नवखी मुलं इथे घाई करतात, त्यांना चित्र बघायचं असतं. पण ते चित्र कोणाकडून कोणाकडे गेलं याचा अर्धा पुरावा त्या लाकडावर असतो.

मग गुंडाळी दुभंग टोकाच्या बांबूच्या काठीने उचलून टांगायची आणि बसायचं. पहिली दहा मिनिटं काही लिहायचं नाही, असं माझे गुरुजी सांगायचे. मग रेशमाकडे बघायचं : किती पट्ट्या जोडल्या आहेत, एकेका पट्टीची रुंदी किती, विणीचे धागे दाट की विरळ. रेशमाच्या रुंदीवरून काळाचा अंदाज बांधता येतो. मग रंग, सोन्याचा वर्ख कापून केलेल्या केसासारख्या रेषा, मागून लावलेला रंग आहे का, दुरुस्ती कुठे झाली, चित्रकाराचा शिक्का कसा झिजलाय. हे सगळं एका तक्त्यात भरायचं. असे तक्ते साठत जातात तीच या धंद्यातली कमाई. पीएचडी त्यातल्याच दहा-पंधरा तक्त्यांवर उभी असते.

चित्राची मागची बाजू बघायला मिळणं ही तर कित्येक पिढ्यांतून एकदा येणारी संधी. चित्राला मागून चिकटवलेले कागद फक्त मोठ्या दुरुस्तीच्या वेळी निघतात, आणि अशी दुरुस्ती शंभर-दोनशे वर्षांनी होते. इतो जाकुचू या अठराव्या शतकातल्या क्योतोच्या चित्रकाराची पक्षी, मासे, फुलं यांची ३० चित्रांची मालिका १९९९ ते २००४ या काळात दुरुस्तीला काढली, तेव्हा त्याने रेशमाच्या मागून किती हुशारीने रंग लावले होते ते कळलं, आणि एका माशात युरोपातून आलेला प्रशियन निळा सापडला. त्या वेळी त्या खोलीत जे अभ्यासक होते त्यांनी जे पाहिलं ते तुम्हाला-मला पाहायला मिळणार नाही. आपण त्यांचे फोटो आणि अहवाल वाचायचे.

याच जाकुचूला १९६०च्या दशकापर्यंत कलेच्या इतिहासात फारशी जागा नव्हती. त्सुजी नोबुओ यांनी १९७० मध्ये अशा विक्षिप्त ठरवलेल्या चित्रकारांवर पुस्तक लिहिलं. जो प्राइस या अमेरिकन संग्राहकाने तर १९५३ पासूनच जाकुचू घ्यायला सुरुवात केली होती आणि आपला संग्रह अभ्यासकांना मोकळा ठेवला होता. २०१६ मध्ये तोक्योत जाकुचूचं महिनाभराचं प्रदर्शन भरलं तेव्हा चार लाखांहून अधिक लोक आले, रांगा पाच-पाच तासांच्या. एका अभ्यासकाच्या लिखाणाचा परिणाम दिसायला किती दशकं जावी लागली ते मोजा. प्रबंधासाठी लोकप्रिय नाव शोधण्यापेक्षा ज्याच्या पेट्या अजून कोणी नीट उघडल्या नाहीत तो चित्रकार शोधा, असं मी म्हणते त्याचं कारण हे. होकुसाई आणि उतामारो या जगप्रसिद्ध चित्रकारांवर काम करणाऱ्यांची रांग जाकुचूच्या रांगेइतकीच लांब आहे.

आता भाषा. एन-२, एन-१ हवंच, पण त्याने फक्त आजच्या प्राध्यापकांचं लिखाण वाचता येतं. जुनी पत्रं, चित्रावरचे लेख, पेटीवरची अक्षरं ही कुझुशिजी या वळणदार लिपीत असतात, आणि ती आजच्या बहुतेक जपानी माणसालाही वाचता येत नाही. आपल्याकडे मराठी येते म्हणून पेशव्यांच्या दप्तरातला मोडी कागद वाचता येत नाही, तसंच. त्याखेरीज जुनं व्याकरण वेगळं, आणि झेन भिक्षूंनी चित्रावर लिहिलेल्या चिनी कविता वेगळ्या. जपानमधल्या बऱ्याच विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत हे विचारतात. २०२१ मध्ये ‘मिवो’ नावाचं ॲप आलं, फोटो काढला की कुझुशिजीची आजची अक्षरं करून देतं. उत्तम आहे, मीही वापरते. पण छापील पुस्तकावर ते जेवढं चालतं तेवढं एखाद्या घाईत लिहिलेल्या पत्रावर चालत नाही. आणि मंदिरातल्या वयस्कर भिक्षूसमोर तुम्ही झाकणावरची ओळ फोन न काढता वाचली, तर पुढची पेटी उघडण्याची शक्यता वाढते. हे मी अनुभवाने सांगते.

डोळा कितीही तयार असला तरी फसतो, हेही जाणून घ्या. १९५९ मध्ये इ.स. १२९४ची तारीख कोरलेली मातीची एक कुपी महत्त्वाचा सांस्कृतिक ठेवा म्हणून जाहीर झाली. शिफारस कोयामा फुजिओ यांची, आणि चीनमधल्या मातीच्या भांड्यांत त्या काळी त्यांच्यासारखा जाणकार नव्हता. पुढच्याच वर्षी सेतोचे नामवंत कुंभार कातो तोकुरो यांनी ती आपण बनवल्याचं सांगितलं. क्ष-किरणांनी झिलईतल्या मूलद्रव्यांची तपासणी झाली आणि ती जुन्या भांड्यांशी जुळेना. १९६१ मध्ये दर्जा काढून घेतला गेला आणि कोयामांना सरकारी पद सोडावं लागलं. गंमत म्हणजे नंतर त्यांनी स्वतः भांडी बनवायला घेतली आणि तीही लोकांना आवडली. यातून विद्यार्थ्याने घ्यायचं ते एवढंच, की वस्तू खरी की खोटी यावर कोणासाठी, विशेषतः विक्रेत्यासाठी, फुकट मत देऊ नका. पहिल्या दोन वर्षांतच कोणीतरी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून विचारतं. उत्तर देऊ नका.

जपान की पश्चिम? जपानमध्ये वस्तू जवळ, खर्च त्या मानाने कमी, पण शिक्षण जुन्या गुरुकुलासारखं. प्राध्यापकाच्या अभ्यासिकेत वरिष्ठ-कनिष्ठ असतात, वरिष्ठ विद्यार्थी तुमचे तक्ते तपासतो, तुम्ही दिवे धरता, सामान वाहता. मोठे सिद्धांत मांडायचा आग्रह नसतो, एका चित्राचं सगळं सांगा म्हणतात. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये उलट. तिथे प्रश्न आधी विचारतात : हे चित्र कोणी, कोणासाठी, कुठल्या सत्तेसाठी काढलं? त्याची गरज आहेच. जपानमध्ये चिनो काओरी यांनी १९९०च्या दशकात चित्रांतल्या स्त्री-पुरुष भेदाचा प्रश्न उभा केला तेव्हा खळबळ झाली होती, आणि तो प्रश्न आज टाळता येत नाही. अमेरिकेत पाच ते सात वर्षं पगारासारखी फेलोशिप मिळते, पण जागा मोजक्या, आणि प्रबंधाच्या मधली एक-दोन वर्षं जपानमध्ये घालवावीच लागतात. माझं मत : एम.ए.पर्यंत जपान, डोळा आणि लिपी तिथे कमवा, मग पीएचडीसाठी जिथे बोलावतील तिथे.

भारतीय माणसाला कोण विचारतो? मला वाटतं, या क्षेत्रात भारतीय असणं ही अडचण नाही, सोय आहे, फक्त ती वापरता आली पाहिजे. हार्वर्डमध्ये जपानी कला शिकवणारे आणि पुढच्या पिढीतले कितीतरी अभ्यासक घडवणारे जॉन रोझेनफिल्ड यांचं पहिलं मोठं काम कुशाण राजांच्या कलेवर होतं. मथुरा-गांधारकडून ते जपानकडे गेले. होर्यूजीच्या मुख्य दालनातल्या भित्तिचित्रांतले बोधिसत्त्व आणि अजिंठ्याचा पद्मपाणी यांची तुलना ओकाकुरापासून चालत आली आहे. अराई कानपो नावाचा चित्रकार १९१०च्या दशकात रवींद्रनाथ ठाकूरांच्या निमंत्रणावरून भारतात आला, त्याने आणि त्याच्या साथीदारांनी अजिंठ्याच्या भिंतींच्या प्रतिकृती केल्या. त्या तोक्योत होत्या, १९२३च्या भूकंपात गेल्या. तोच अराई १९४० नंतर होर्यूजीच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करणाऱ्यांत होता आणि १९४५ मध्ये वारला. काम चालू असतानाच, २६ जानेवारी १९४९ला, ते दालन जळलं आणि मूळ भिंती काळ्या पडल्या. १९५०चा वारसा संरक्षण कायदा त्या आगीनंतरचा. आज आपण ती चित्रं मुख्यतः १९३५ मध्ये घेतलेल्या मूळ आकाराच्या फोटोंवरून आणि प्रतिकृतींवरून अभ्यासतो. अजिंठा ज्याने तासन्‌तास पाहिलं आहे त्याला त्या फोटोंत जे दिसतं ते इतरांना शिकवावं लागतं.

दुसरी सोय लिपीची. जपानी मंदिरांतल्या मंडलांत देवतेच्या जागी पुष्कळदा नुसतं बीजाक्षर असतं, सिद्धम् लिपीत : अमिदासाठी (अमिताभ) ह्रीः, फुदोसाठी (अचलनाथ) हां, दाइनिचीसाठी (महावैरोचन) अ किंवा वं. देवनागरी वाचणाऱ्याला ही लिपी थोड्या सरावात येते आणि संस्कृत येत असेल तर मंत्रही कळतात. माझ्या जपानी सहाध्यायांनी यासाठी खूप घाम गाळला.

पण एक पथ्य पाळा. "बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती, दाइकोकुतेन म्हणजे महाकाल, शोतेन म्हणजे गणपती" एवढ्यावर थांबणारे लेख आपल्याकडे भरपूर येतात आणि जपानमध्ये ते कोणी वाचत नाही. सरस्वती तिथे जाऊन काय झाली ते विचारा. मध्ययुगात तिच्या मुकुटावर म्हाताऱ्याचं तोंड असलेला वेटोळं घातलेला साप येऊन बसला. तो कुठून आला, कुठल्या मंदिरांनी आणला, हे सांगाल तर लोक ऐकतील.

पोटाचं काय? जपानमध्ये संग्रहालयातल्या अभ्यासकाच्या नोकरीला गाकुगेइइन म्हणतात. त्यासाठी विद्यापीठातले ठरावीक विषय पूर्ण करून पात्रता घेता येते. पात्रता पुष्कळांकडे असते, जागा थोड्या, आणि बऱ्याच जागा मुदतीच्या कराराच्या. तासिका तत्त्वावर शिकवणारे पीएचडीधारक तिथेही आपल्याइतकेच आहेत. पश्चिमेत विद्यापीठांच्या जागा वर्षाला हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच निघतात, संग्रहालयं आणि लिलावगृहं थोडी अधिक घेतात. भारतात फक्त जपानी कलेची म्हणून जागा जवळपास नाही. मात्र मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांनी दिलेल्या जपानी वस्तू आहेत, हैदराबादच्या सालारजंगमध्ये आहेत, बडोद्यात आहेत, आणि त्यांवरच्या सह्या-शिक्के वाचू शकणारे आपल्याकडे फारच थोडे. प्रकल्पावर काम मिळू शकतं, त्यावर घर चालेल असं मी म्हणणार नाही.

म्हणून घरच्यांशी भांडू नका. दुभाष्याची नोकरी ही या वाटेवरची मदत आहे. माझ्या ओळखीच्या दोघी-तिघींनी पुण्यातल्या कंपन्यांत दोन-तीन वर्षं काम करून पैसे साठवले, भाषा पक्की केली आणि मग गेल्या. प्रदर्शनांच्या पुस्तिकांचं भाषांतर हे तर पुढे आयुष्यभर पुरणारं जोडकाम आहे. आणि हाताने काम करायची आवड असेल तर चित्रांच्या गुंडाळ्या नव्याने बांधणाऱ्यांचा व्यवसायही बघा. क्योतोतल्या कार्यशाळांत शिकायला दहा वर्षं लागतात, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येही अशा कामाची हिरायामा कार्यशाळा आहे. चित्राची मागची बाजू रोज बघणारे तेच लोक.

या वर्षी काय करायचं : जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीचे अर्ज दरवर्षी उन्हाळ्यात दूतावासाकडून निघतात. वय ३५च्या आत हवं. पहिली चाळणी पार झाली की जपानमधल्या प्राध्यापकाचं तात्पुरतं संमतीपत्र मिळवायचं असतं, म्हणून त्यांचे लेख आधी वाचून ठेवा. पत्र जपानीतून, एका पानाचं. जपानच्या राष्ट्रीय संग्रहालयांचा ‘कोलबेस’ हा ऑनलाइन संग्रह, बोस्टनचा संग्रह, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनचा संग्रह, सगळे घरबसल्या फुकट बघता येतात. त्यातली एकच वस्तू निवडा. तिच्यावर पेटी, रेशीम, शिक्का, दुरुस्ती असा तक्ता जमेल तेवढा भरा. फोटोवरून जे भरता येणार नाही ते रकाने रिकामे राहतील. संशोधनाच्या आराखड्यात तेच लिहा : ही वस्तू, हे रिकामे रकाने, आणि ते भरायला कुठल्या मंदिरातली किंवा संग्रहालयातली कुठली पेटी पाहायची आहे. निवड समितीला "मला लहानपणापासून जपानबद्दल आकर्षण आहे" हे वाक्य पुरेसं ओळखीचं आहे, ते गाळा.